झाडापर्यंत सतरा पावलं

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी तीस वर्षं दिवसातून वीस वेळा चढलो-उतरलो, तेव्हा माझ्यात शहाणपण किती ते तुम्हीच ठरवा. मी कुंडलिक, गाव सांगवी, कोर्टाचा शिपाई. बारामती आणि इंदापूर, दोन्हीकडं माझी नोकरी झाली. ही गोष्ट त्यातल्या कुठल्या कोर्टातली ते मी सांगणार नाही, उगा कुणाला तरी लागायचं. आमच्या आवारात एक करंजाचं झाड होतं, त्याला दगडी पार होता आणि त्या पारावर रंगुबाई साबळे बसायची. एवढं कळलं तरी पुरे.

माझं मुख्य काम पुकाऱ्याचं. साहेबांनी फाईल उघडली की आतून चिठ्ठी यायची. मी दारात उभा राहून नाव पुकारायचो, "अमुक तमुक, हाऽजिर हाय काऽऽ!" असं तीनदा. माणूस आला तर आत घ्यायचा, नाही आला तर आत जाऊन सांगायचं, "गैरहजर, साहेब." आवाज माझा असा की पलीकडच्या रस्त्यावरची म्हैस मान वळवायची. त्या आवाजाचा मला फार गर्व होता. आता हसू येतं.

रंगुबाई कळसची. साठीच्या आतबाहेरची बाई, हिरवं इरकली लुगडं, कपाळ मोकळं. छप्पन सालानंतर त्यांच्या घरानं बौद्ध धम्म घेतला, तेव्हा ती नवी नवरी होती म्हणे. मुलगा बुद्धघोष बारामतीला शाळेत मास्तर, सून शिकलेली, दीड एकरात डाळिंब. घरी बसून नातवंडं खेळवायची सोडून ही बाई कोर्टात का येते, हे कुणाला कळत नव्हतं. तिची बांधाची केस होती, सहा वर्षं चालली. ब्याण्णव साली निकाल लागला, तिच्या बाजूनं लागला. सगळ्यांना वाटलं, सुटली बिचारी. पुढच्या सोमवारी पाहतो तर बाई पारावर हजर!

मी म्हणालो, "आक्का, केस संपली की. आता कशाला आलात?"

"तुमी पगार घिऊन येता, मी हौसंनं येते. तुमाला काय तरास हाय का?"

"मला कसला त्रास? पण लोक म्हणतील, बाईला कोर्टाचं व्यसन लागलं."

"लागू दे. तंबाकूपरीस बरं हाय," असं म्हणून तिनं माझ्या हातातल्या चंचीकडं बघितलं. मी चंची खिशात घातली.

ती यायची ती रिकाम्या हातानं नाही. एका पिशवीत भाजलेल्या शेंगा आणि गुळाचा खडा. दुसऱ्या हातात तेलाचा धुतलेला पाच लिटरचा कॅन, पाण्यानं भरलेला, आणि पितळी तांब्या. कळसपासून एसटीत ते पाणी मांडीवर धरून आणायची. मी किती वेळा म्हटलं, "अहो आक्का, कोर्टाच्या मागं नळ आहे. गावचं पाणी काय गोड लागतं का?" तर म्हणायची, "असू द्या. मला झाड सोडून जायाचं न्हाय." मला वाटायचं, म्हातारीची खोड.

एक गोष्ट सांगून टाकतो, लपवण्यात अर्थ नाही. पहिली काही वर्षं मी तिच्या तांब्यातलं पाणी प्यालो नाही. शेंगा खायचो, पाणी नको म्हणायचो. का, ते तुम्हाला कळतं. मलाही कळत होतं आणि तिलाही. तरी ती रोज विचारायची, "पाणी घेता का, कुंडलिकराव?" मी म्हणायचो, "आत्ताच प्यालो." माझी मला आज लाज वाटते.

ती तिथं करायची तरी काय? कोर्टात पहिल्यांदा आलेलं माणूस तुम्ही बघितलंय का? वकिलाचं काळं कापड बघून हात जोडतंय, पोलिसाला बघून हात जोडतंय, मला बघूनसुद्धा हात जोडतंय. पायातलं काढून काखेत मारतंय. लघवीला कुठं जायचं ते विचारायची चोरी, म्हणून बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. रंगुबाई असलं माणूस लांबूनच ओळखायची. "ये गं हितं. बस. चपला घाल पायात, ही काय देवळाची पायरी न्हाय. बायकांची मोरी त्या भिंतीआड हाय. आत गेल्यावर रडायचं न्हाय, साहेबाला घाई असती. आन् साहेब काय बोलला ते उमगलं न्हाय तर उगा मान डोलवायची न्हाय, सरळ म्हणायचं, समजलं न्हाय. समजलं न्हाय म्हणायला फी लागत न्हाय."

वकील मंडळी तिची चेष्टा करायची. "काय रंगुबाई वकील, आज किती केसेस?" ती म्हणायची, "तुमच्यापरीस एक जास्त. तुमच्या पक्षकाराला तुमी कवा येणार ते माहीत न्हाय, तेबी मलाच इचारत्यात." मग वकील हळूच पुढं सटकायचे.

आता जयवंताची गोष्ट. ती सांगायलाच मी बसलोय आणि ती सांगताना माझाच कान धरावा लागतो.

पंच्याण्णव साल, थंडीचे दिवस. बावीस-तेवीस वर्षांची पोरगी. नवरा हिंदुराव भिसे, ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर, महिना महिना बाहेर. ही डाळिंबाच्या बागेत फळं काढायला जायची. बागवाल्याच्या घरातलं सोन्याचं डोरलं गेलं आणि आळ आला हिच्यावर, कारण त्या दिवशी पाणी मागायला हीच दारात गेली होती. पोरगी भोळी. अनोळखी माणूस दिसलं की हिची वाचा बसायची, जीभ टाळूला चिकटायची. चोर म्हणून विचारलं तर बोलली नाही, आणि गप्प बसली म्हणून चोर ठरली. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही म्हणतात, हिच्या अंगावर तर नसलेलं सोनं चढलं. चुलत सासऱ्यानं सातबारा लावून जामीन दिला म्हणून घरी तरी गेली. पदरात आठ महिन्यांची लेक.

तिची पहिली तारीख होती तेव्हा ती सकाळी नऊलाच आली. सासूनं एसटीत बसवून दिलेली, लेक सासूजवळ ठेवलेली. तिचे वकील त्या दिवशी दुसऱ्या तालुक्याच्या कोर्टात. ती येऊन पारावर बसली. रंगुबाईनं शेंगा दिल्या, पाणी दिलं, विचारलं, "नाव काय गं?" खूप वेळानं उत्तर आलं, "जयवंता."

"बरं जयवंता, भिऊ नगंस. तुझं नाव आलं की मी सांगते."

आणि मग दोघी दिवसभर जयवंताच्या नावाची वाट बघत बसल्या.

ते नाव आलंच नाही. मी पुकारलं होतं, "अनिता हिंदुराव भिसे!" तीनदा पुकारलं. आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलतात. हिंदुरावला कुणीतरी सांगितलं, जयवंता हे म्हाताऱ्या बाईचं नाव वाटतं. म्हणून ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'अनिता' लिहिलं, पेढे वाटले, आणि ते तांदूळ सुपात गेले तसं ते नावही गेलं. सासू जयवंता म्हणायची, नवरा 'अगं' म्हणायचा. पण रेशनकार्डावर अनिता. पोलिसांनी कार्ड बघून लिहिलं, कोर्टानं पोलिसांचं बघून लिहिलं आणि मी कोर्टाचं बघून ओरडलो. ती पोरगी ऐकत होती, बरं का. माझा आवाज म्हशीला ऐकू जातो, तिला नसेल का गेला? पण तिला वाटलं, कुणीतरी अनिता आहे, आली नाही वाटतं बिचारी.

मी आत गेलो. "गैरहजर, साहेब." साहेबांनी वॉरंट काढलं. संध्याकाळी पार रिकामा झाला तेव्हा रंगुबाई तिला म्हणाली, "आज तुझं नाव न्हाय निघालं. वकिलाला इचार, तारीख पुढं गेली आसंल." दोघी आपापल्या एसटीनं घरी गेल्या.

आठव्या दिवशी पोलीस तिला घेऊन आले. आदल्या दिवशी दुपारी शेतातून उचललेली. व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसवलं होतं, शेजारी बाई पोलीस. मी फाईली नेताना बघितलं, मला काही ओळख लागली नाही. दिवसाला चाळीस नावं पुकारणारा माणूस मी, तोंडं कुठं लक्षात राहतात? पण रंगुबाई पारावरनं उठली ती सरळ तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. मग माझ्याकडं आली. इतकी वर्षं तिला बघत होतो, पण त्या दिवशी तिचं तोंड काळंठिक्कर पडलेलं.

"कुंडलिकराव, ह्या पोरीला का धरलं?"

"वॉरंट आहे. तारखेला आली नव्हती."

"जयवंता ही, आली हुती! सकाळपास्नं दिस मावळंस्तवर माझ्या मांडीला मांडी लावून बसली हुती!"

"आक्का, ही अनिता भिसे. तुमची कोण ती जयवंता."

"आरं देवा! एकच हाय वं ती!"

मी बाकड्याकडं बघितलं. पोरगी गुडघे जवळ घेऊन बसली होती. काल दुपारपासून लेकीला पाजलं नव्हतं, दूध भरून आलेलं, पदर दोन ठिकाणी ओला. ती तो पदर हातानं दाबून धरत होती, की कुणाला दिसू नये. आता तिची फाईल दुपारनंतर निघणार होती. जामीन मोडलेला, वकील परत गैरहजर. साहेबांनी नाही म्हटलं की ती येरवड्याला जाणार आणि लेक सासूच्या हातात. केस किती दिवसांनी निघेल, कोण सांगणार?

रंगुबाई म्हणाली, "चुकी माजीबी हाय. म्या घरचं नाव इचारलं, कागदावरचं इचारलं न्हाय. पण तुमी पुकारल्यावर झाडाकडं बघितलं का?"

बघितलं नव्हतं. खरं सांगतो, मी कधीच बघायचो नाही. चष्मा लागलेला, चिठ्ठी वाचायला मान खाली, आणि ओरडून झालं की वळून आत. तीन हाका म्हणजे तीन हाका. आम्हाला कुणी सांगितलंय, माणूस शोधा म्हणून?

"साहेबाला सांगा," ती म्हणाली.

"तुम्हीच सांगा की!"

"माझं कोण ऐकणार? मी तिची वकील न्हाय, जामीनदार न्हाय. शेंगा वाटणारी बाई मी. तुमी पुकारा दिला हुता. तुमी सांगितलं तरच खरं."

तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला तिचा राग आला. साहेब कडक. गेल्याच महिन्यात एका कारकुनाला फाईलीची पानं उलटी लावली म्हणून मेमो दिला होता. माझी चार वर्षं राहिलेली. साहेबांपुढं जाऊन म्हणायचं काय? साहेब, मी नुसता ओरडतो, बघत नाही? मी रंगुबाईला बोललो, "आक्का, तुम्हाला काय जातंय सांगायला? नोकरी माझी जाईल!" असं वसकन बोललो. तिनं तांब्या भरला आणि पुढं केला. "घसा सुकलाय तुमचा. घ्या."

मी तांब्या घेतला आणि सगळा प्यालो. पहिल्यांदा. गावचं पाणी खरंच गोड होतं.

जेवणाच्या सुट्टीत साहेबांच्या खोलीत पाण्याचा ग्लास ठेवला आणि तिथंच उभा राहिलो. साहेब म्हणाले, "काय?" मी सांगितलं. एका दमात सांगितलं, नाव, रेशनकार्ड, पार, माझी मान, सगळं. साहेबांनी डबा बंद केला. मग विचारलं, "झाड दारापासून किती लांब आहे?"

"असेल, साहेब, जवळच."

"जवळच म्हणजे किती? मोजून या."

आली का पंचाईत! पांढरे कपडे, लाल पट्टा, आणि भर दुपारी सगळ्या वकिलांसमोर मी दारापासून झाडाकडं पावलं मोजत निघालो. "कुंडलिक, जमीन मोजतोस का काय?" असं कुणीतरी ओरडलंसुद्धा. मी पाराला हात लावला आणि परत आलो.

"सतरा, साहेब."

"सतरा पावलं," साहेब म्हणाले. "तुम्ही सतरा पावलं गेला नाहीत आणि मी तुम्हाला विचारलं नाही. जा, त्या बाईला आत घ्या."

त्या माणसाबद्दल मी आधी पुष्कळ वाईट बोललो होतो. त्या दिवसापासून एक शब्द बोललो नाही.

कोर्ट भरलं. जयवंता पिंजऱ्यात उभी राहिली. साहेबांनी विचारलं, "नाव काय?" ती गप्प. परत विचारलं. गप्प. तिचा ओठ हलत होता, आवाज निघत नव्हता. मागनं रंगुबाईचा आवाज आला, "साहेब, घाई करू नगा. तिला जरा येळ लागतो." कोर्टात असं मधेच बोललेलं चालत नाही, आणि बोलणाऱ्याला गप्प करणं हे माझंच काम. मी छताकडं बघत उभा राहिलो. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि हाताची घडी घालून बसले.

"ज-जयवंता," ती म्हणाली.

"मग अनिता कोण?"

पोरीनं खूप विचार केला. "ती लग्नातली," ती म्हणाली.

सगळं कोर्ट हसलं. साहेबही हसले आणि मग लगेच गंभीर झाले. पारावर बसली होती याला साक्षीदार कोण, म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, मी पुकारलं पण बघितलं नाही. या रंगुबाईंनी बघितलं." रंगुबाईनं येऊन सांगितलं. वॉरंट रद्द झालं, जुना जामीन कायम राहिला. फाईलीवर कारकुनानं तिथल्या तिथं लिहिलं, 'अनिता ऊर्फ जयवंता'. मला मेमो नाही. नुसतं एवढं म्हणाले, "कुंडलिक, यापुढं गैरहजर सांगायच्या आधी सतरा पावलं."

जयवंता पायरी उतरली ती पळत सुटली. एसटी स्टँडकडं, पदर दाबून. रंगुबाई मागनं ओरडली, "आगं हळू! गाडीला अजून अवकाश हाय!" कोण ऐकतंय?

त्या दिवसापासून आमचा नेमच पडला. मी सकाळी बोर्डावरची नावं घेऊन पारावर जायचो आणि आक्का एकेकाला विचारायची, "घरात काय म्हणत्यात? आन् कागदावर काय हाय?" बाबौ, काय काय निघायचं! सगळा गाव ज्याला नाना म्हणतो तो कागदावर भलताच कुणी. एक म्हातारी तर स्वतःचं नावच विसरलेली, चाळीस वर्षं 'थोरली' म्हणूनच जगलेली. आक्का प्रत्येकाकडून कागदावरचं नाव तीनदा म्हणून घ्यायची. "तोंडात घोळवा, खडीसाखरेवाणी. आजच्या दिस तुमी हेच." आणि तिसऱ्या हाकेनंतर मी झाडापर्यंत जाऊन यायचो. दिवसाला किती फेऱ्या व्हायच्या, गुडघे बोलायचे माझे. पण खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. नुसतं ओरडण्याचं काम होतं ते आता माणसं आणण्याचं झालं.

जयवंताची केस दोन वर्षं चालली. मधल्या काळात आक्कानं तिला आपल्या डाळिंबात कामाला घेतलं आणि तिथं भलताच कारभार चालायचा. आक्का बांधाच्या एका टोकाला उभी राहून माझ्यासारखा आवाज काढायची, "अनिता हिंदुराव भिसे, हाऽजिर हाय काऽऽ!" आणि जयवंतानं दुसऱ्या टोकाहून म्हणायचं, "हजर!" आधी आवाजच फुटेना. मग फुटला तो इतका की शेजारचा रानातून ओरडला, "कोर्ट भरलं का गं आक्का?" नकला करायची माझ्या, आणि वर मलाच सांगायची!

आरोप वाचून दाखवायच्या दिवशी साहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" मी दारातून बघत होतो. आधीची जयवंता असती तर मान डोलवून मोकळी झाली असती आणि सगळं तिथंच आटोपलं असतं. ती म्हणाली, "समजलं न्हाय."

तिच्या वकिलानं कपाळावर हात मारला. साहेबांनी मात्र परत सांगितलं, सोपं करून. "हे डोरलं तू घेतलंस असं म्हणतात. घेतलंस का?"

"न्हाय. म्या पाणी मागितलं. डोरलं बघितलंबी न्हाय."

एवढं लांब वाक्य ती अनोळखी माणसापुढं जन्मात बोलली नसेल.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात निकाल. बागवाल्याची बायको साक्षीत म्हणाली, की डोरलं नेमकं कुठं ठेवलं होतं ते तिलाच आठवत नाही, आणि घेताना तिनं कुणाला बघितलं नाही. खरं बोलली बाई, तिचंही कौतुक. निकालाच्या दिवशी मी दारात उभा राहिलो आणि पुकारलं, "अनिता हिंदुराव भिसे..." मला 'हाजिर' म्हणूच दिलं नाही. पारावरनं असा "हजर!" आला की आत साहेबांच्या हातातलं पेन थांबलं. लेक काखेत घेऊन आली. निर्दोष सुटली. बाहेर येऊन आक्काच्या पाया पडायला वाकली तर आक्कानं तिचे दंड धरले. "पाया पडायचं न्हाय. उभं ऱ्हायाचं. इतकं शिकिवलं ते कशासाठी?" आणि मग स्वतःच पदर डोळ्याला लावला.

नव्व्याण्णव साली मी रिटायर झालो. नारळ, शाल, हार, दोन भाषणं. चार वाजता सगळे पांगले. मी शालीची घडी घालत पायरीवर आलो तर आक्का पारावर. त्या दिवशी तारखा नव्हत्या, म्हणजे ती माझ्यासाठी आली होती.

"कुंडलिकराव, जाताना एक पुकारा द्या. माझ्यासाठी."

"कुणाचा? तुमचा?"

"न्हाय. ज्ञानदेव महादू साबळे."

मी चमकलो. ज्ञानदेव म्हणजे तिचा मालक. वारून बारा-तेरा वर्षं झालेली. 'रंगुबाई ज्ञानदेव साबळे' असं मी तिच्या केसमध्ये कितीदा पुकारलं होतं, पण तिच्या तोंडून ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत.

"ते कधी इथं आले होते?"

"त्र्याऐंशी साली. बांधावर बाचाबाची झाली, मारामारीचं कलम लागलं. खाणीत सुरुंगाच्या कामाला हुते, कान गेलेले. मी संगं आले हुते, म्हनलं मी ऐकीन. तहान लागली म्हणाले. मी तांब्या घिऊन मागं नळावर गेले. लाइन हुती बायकांची. लांबनं वरडल्याचा आवाज आला, पण नाव कळलं न्हाय. परत येऊन बसलो दोघं. दिस मावळंस्तवर बसलो. मग वॉरंट. चौदा दिस आत हुते. त्यांना कुणी काय म्हणतंय ते ऐकूबी येत नव्हतं तितं."

त्र्याऐंशी साली मी याच कोर्टात होतो. मधे बदली झाली आणि नव्वदला परत आलो.

"आक्का," मी म्हणालो, "पुकारलं कुणी होतं?"

"तुमीच की."

जयवंतासारखी माझीच जीभ टाळूला चिकटली. एवढी वर्षं या बाईनं मला शेंगा खायला घातल्या होत्या!

"कधी बोलला नाहीत?"

"तुमी बदलीवरनं परत आलात तवा आवाजावरनं वळखलं. वाटलं, एक दिस चांगल्या चार शिव्या हासडायच्या. म्हनून बघत बसायची तुमच्याकडं. बघते तर काय, मान खाली, चष्मा नाकावर, साहेबाला भिणारा माणूस. शिव्या द्यायच्या तरी कुणाला?" ती हसली. "मग म्हनलं, जाऊ दे. आपण हितंच बसू. पाणी घरनं आणू."

"जयवंताच्या दिवशी तरी सांगायचं होतं! मी लगेच गेलो असतो साहेबांकडं."

"म्हणूनच न्हाय सांगितलं. मग तुमी माझ्या भिडंनं गेला आसता. पोरीसाठी गेलात, ते बरं झालं."

मी शाल पारावर ठेवली, पायऱ्या चढून दारात गेलो. हातात चिठ्ठी नव्हती. मान वर केली आणि तीस वर्षांत ओरडलो नसेन एवढ्या मोठ्यानं ओरडलो, "ज्ञानदेव महादू साबळे, हाऽजिर हाय काऽऽ!" रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. बघू देत. दुसऱ्यांदा ओरडलो, तिसऱ्यांदा ओरडलो. मग पायऱ्या उतरलो आणि सतरा पावलं चालत पारापाशी गेलो.

आक्का उठून उभी राहिली होती. पदर डोक्यावरून नीट घेतलेला.

"हजर हाय," ती म्हणाली.

मग आम्ही दोघांनी पारावर बसून शेंगा खाल्ल्या, तांब्यातलं पाणी प्यालो आणि साडेपाचची एसटी धरली.